शाळांसाठी मोफत सॉफ्टवेअर-संच वाटताना कोणकोणत्या परवानग्या लागतात?

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांना नमस्कार. मी अमळनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या शिक्षकांच्या गटात चोपडा, शिरपूर, शहादा आणि धडगावकडचे सहकारी आहेत. सातपुड्यातील बऱ्याच शाळांपर्यंत भरवशाचे इंटरनेट अजून पोहोचलेले नाही. म्हणून वर्गात उपयोगी पडणारे सॉफ्टवेअर एकाच पेनड्राइव्हवर ठेवून, एकदा इन्स्टॉलर चालवला की सगळे संगणकावर बसेल, असा संच आम्ही तयार करीत आहोत. तो विकायचा नाही. ज्या शाळेला हवा तिला द्यायचा आणि तिनेही पुढे दुसऱ्या शाळेला प्रत करून द्यावी, असा आमचा विचार आहे.

संचात लिब्रेऑफिस (लेखन-तक्त्यांसाठी), फायरफॉक्स (ब्राउझर), टक्स पेंट (मुलांच्या चित्रकलेसाठी), स्टेलॅरियम (तारांगण), जिओजेब्रा (गणित-भूमिती) आणि इंटरनेटशिवाय वाचता यावा म्हणून किविक्ससह मराठी विकिपीडिया आहे. टक्स पेंटमधील सूचना आम्ही अहिराणीत केल्या असून त्यातील शिक्क्यांमध्ये (चित्रावर उमटवायच्या तयार चित्रांमध्ये) केळीचा घड, कापसाचे बोंड, भरताची वांगी अशी आपल्याकडची चित्रे घातली आहेत. त्यांपैकी काही मुलांनी काढलेली आहेत, तर काही इंटरनेटवरून घेतलेली. एका सहकाऱ्याने पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि पायक्यूटी ही लायब्ररी (खिडक्या, बटणे वगैरेंचा तयार कोड) वापरून अहिराणी शब्दसंग्रहाचा एक छान प्रोग्रॅम लिहिला आहे. त्यावर ‘व्यापारी वापरास मनाई’ अशी अट घालावी, असा त्याचा आग्रह आहे. शिवाय बहिणाबाई चौधरींच्या कविता, साने गुरुजींचे काही लेखन, बहिणाबाईंच्या काही कवितांची गायलेली ध्वनिमुद्रणे, गावातील आज्यांनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या, आणि एका जुन्या छापखान्याच्या संगणकावरून मिळालेले देवनागरी फॉन्ट अशी इतर सामग्रीही आहे. पेनड्राइव्हचा खर्च द्यायला एक सहकारी संस्था तयार आहे. आपले नाव त्यावर असावे एवढीच तिची अपेक्षा आहे.

गटातील काहींचे म्हणणे असे की काम शैक्षणिक आणि विनामूल्य असल्यामुळे कोणी हरकत घेणार नाही. मला मात्र हरकतीची भीती हा मुख्य मुद्दा वाटत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे खपून ही साधने सर्वांसाठी खुली केली, त्यांच्या अटी पाळल्या जाव्यात, आणि ज्या मुख्याध्यापकांच्या हाती हा संच पडेल त्यांना तो निर्धास्तपणे वापरता यावा, अशी माझी इच्छा आहे. कशाला परवानगी लागते, कशाला लागत नाही आणि संचासोबत नेमके कोणते कागद असावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.


गिरणाकाठ

ताई, मी मूळचा भडगावचा असून लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीसाठी पॅकेज, म्हणजे बसवायला तयार प्रोग्रॅम, बांधण्याचे काम अनेक वर्षे करीत आहे. वाटप विनामूल्य आहे, हे कारण परवान्याच्या जागी चालत नाही. प्रती काढून लोकांना देण्याचा हक्क मूळ हक्कधारकाचा असतो, आणि तो ज्या अटींवर तो हक्क आपल्याला देतो त्या पाळल्या तरच आपले वाटप रीतसर ठरते. सुदैवाने आपल्या यादीतील बहुतेक गोष्टींच्या अटी सोप्या आहेत. अडचणीच्या जागा थोड्या आहेत, पण त्या नेमक्या आपण स्वतः भर घातलेल्या ठिकाणी आहेत.

आधी कामाची पद्धत सांगतो. डेबियन या लिनक्सच्या एका मोफत प्रकल्पात प्रत्येक पॅकेजसोबत ‘कॉपीराइट’ नावाची एक फाइल असावीच लागते. मूळ लेखक कोण, सामग्री कोठून घेतली आणि कोणत्या भागाला कोणता परवाना लागू आहे, हे तीत लिहिलेले असते. नवे पॅकेज स्वीकारण्यापूर्वी ती फाइल माणसे बसून तपासतात, आणि तिच्यात चूक आढळली तर उत्तम चालणारे पॅकेजही परत पाठवले जाते. आपणही एक तक्ता करावा आणि त्यात घटकाचे नाव, आवृत्ती, तो कोठून व कधी उतरवला, त्याचा परवाना, आणि आपण त्यात बदल केला का, एवढे लिहावे. हे करताना केवळ मुख्य फोल्डरमधील परवान्याच्या फाइलवर थांबू नये. प्रोग्रॅमचा परवाना एक आणि त्याच्या आतील चित्रांचा, आवाजांचा किंवा फॉन्टचा दुसराच, असे वारंवार आढळते. ज्या घटकासमोर परवान्याचा रकाना रिकामा राहील तो घटक संचात घालू नये, हा माझा ठाम सल्ला आहे; परवाना लिहिलेला नसणे याचा अर्थ सर्व हक्क राखीव असणे, असाच घ्यावा लागतो.

निरनिराळ्या परवान्यांचे प्रोग्रॅम एकाच पेनड्राइव्हवर असण्यात काही गैर नाही. एका टोपलीत केळी आणि वांगी ठेवली म्हणून दोन्हींचा भाव एक होत नाही, तसेच स्वतंत्र प्रोग्रॅम शेजारी शेजारी ठेवल्याने एकाचा परवाना दुसऱ्याला लागत नाही. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रचलित परवान्यातच ही सवलत स्पष्ट लिहिलेली आहे. मात्र एका प्रोग्रॅमचा भाग दुसऱ्यात मिसळला की परिस्थिती बदलते.

लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स यांचा मुख्य परवाना एमपीएल (मोझिला पब्लिक लायसन्स) २.० आहे. त्यात सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, कोठे मिळेल हे घेणाऱ्याला कळवावे लागते, तेवढे आपल्या माहितीपत्रकात लिहावे. फायरफॉक्सच्या बाबतीत कोडइतकेच नावही महत्त्वाचे आहे. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने दिलेला इन्स्टॉलर जसाच्या तसा मोफत वाटता येतो, पण त्यात स्वतः बदल करून तो फायरफॉक्स या नावाने व चिन्हाने वाटता येत नाही. याच कारणावरून डेबियनने २००६ पासून २०१६ पर्यंत आपला ब्राउझर आइसवीझल या नावाने दिला होता. तेव्हा मुखपृष्ठ बदलून, आपली चिन्हे घालून नवा इन्स्टॉलर बांधण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा आणि मूळ फाइलच ठेवावी.

टक्स पेंट आणि स्टेलॅरियम यांना जीपीएलची दुसरी किंवा त्यानंतरची आवृत्ती लागू आहे. येथे सोर्स कोडची जबाबदारी वाटणाऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येते. पेनड्राइव्हवर तयार प्रोग्रॅम दिला की एक तर सोबत त्याचा पूर्ण सोर्स कोड द्यायचा, नाही तर किमान तीन वर्षे कोणीही मागितला तर केवळ प्रत करण्याच्या खर्चात देऊ, असे लेखी वचन द्यायचे. मूळ संकेतस्थळाकडे बोट दाखवून दुसऱ्या आवृत्तीची ही अट पूर्ण होत नाही, आणि बहुतेक गट नेमके येथे अडखळतात. टक्स पेंटमध्ये तर आपण बदल केला आहे. त्यामुळे अहिराणी भाषांतराच्या फाइल आणि नवे शिक्के हेही सोर्समध्ये आले पाहिजेत, आणि बदललेल्या फाइलमध्ये कोणी व कोणत्या तारखेला बदल केला याची ठळक नोंद असली पाहिजे. तीच भाषांतरे टक्स पेंटच्या मूळ प्रकल्पाकडेही पाठवावीत, अशी माझी मनापासून विनंती आहे. तिकडे ती स्वीकारली गेली तर पुढच्या आवृत्तीपासून अहिराणी सगळ्या जगाला मिळेल आणि आपल्याला वेगळी प्रत सांभाळावी लागणार नाही.

आता सहकाऱ्याच्या प्रोग्रॅमविषयी. पायक्यूटी हे जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली मिळते. ते नको असेल तर पैसे मोजून व्यापारी परवाना घ्यावा लागतो. मोफत पायक्यूटीवर उभारलेला प्रोग्रॅम त्यासह बांधून वाटायचा झाल्यास संपूर्ण प्रोग्रॅम जीपीएलशी जुळणाऱ्या अटींवरच द्यावा लागतो, आणि घेणाऱ्यावर जादा बंधन घालण्यास जीपीएल मनाई करते. ‘व्यापारी वापरास मनाई’ हे असेच जादा बंधन आहे. म्हणजे आज ज्या स्वरूपात हा प्रोग्रॅम आपण देऊ इच्छिता, त्या स्वरूपात तो वाटताच येणार नाही. एक तर ती अट काढावी, नाही तर पायक्यूटीऐवजी एलजीपीएल या जीपीएलहून सैल परवान्याखाली मिळणारी पायसाइड ही तशीच लायब्ररी वापरावी. दुसरा मार्ग घेतल्यास सगळे एकाच फाइलमध्ये कोंबू नये. फोल्डर स्वरूपात बांधावे, म्हणजे कोणाला ती लायब्ररी बदलून दुसरी आवृत्ती बसवायची असेल तर बसवता येईल. एलजीपीएलची ती अपेक्षा आहे. माझे स्वतःचे मत विचाराल तर पहिला मार्गच चांगला, आणि त्याची कारणे सहकाऱ्याला काही शंका असल्यास सविस्तर सांगेन.

जिओजेब्राचा इन्स्टॉलर अव्यापारी वापरापुरताच मोकळा आहे. शाळेला वाटणे त्यात बसते, पण पेनड्राइव्हवर पुरस्कर्त्याची जाहिरात आली किंवा उद्या एखाद्या खासगी क्लासने हाच संच पुढे नेला तर काय, हा प्रश्न उरतो. तो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून वर तशी सूचना लिहावी. लिनक्सवर चालणाऱ्या शाळांसाठी किग हा जीपीएलखालील भूमितीचा प्रोग्रॅम उपलब्ध आहे, त्याचाही विचार व्हावा.

विकिपीडियातील मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश व समान-वाटप (श्रेय द्यावे आणि पुढेही त्याच अटींवर वाटावे अशा) परवान्याच्या चौथ्या आवृत्तीखाली आहे. किविक्सच्या फाइलमध्ये लेखांचे दुवे असतात ते काढू नयेत, आणि प्रत्येक चित्राचा परवाना स्वतंत्र असतो हे ध्यानात ठेवावे. इंटरनेटवरून घेतलेली केळीच्या घडाची आणि वांग्यांची चित्रे मात्र आजच काढून टाकावीत. रावेर-यावलच्या कोणत्याही शिवारात उभे राहून शिक्षकांनी स्वतः फोटो काढले तर प्रश्नच उरत नाही.


पांझराकाठ (धुळे)

बोरीकाठ ताई, मी धुळ्यात वकिली करते. गिरणाकाठ यांनी परवान्यांविषयी लिहिले ते बरोबर आहे. मी कायद्याची बाजू मांडते.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्याच्या कलम २ मध्ये संगणक-प्रोग्रॅमचा समावेश साहित्यकृतीतच केलेला आहे. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातील देशांमधील लेखकांच्या कृतींनाही येथे तेच संरक्षण मिळते, त्यामुळे प्रोग्रॅम परदेशी आहे म्हणून सुटका नाही. विनामूल्य वाटपाबद्दल कलम ५१ पाहावे. व्यापारासाठी केलेले वाटप त्यात आहेच, पण हक्कधारकाचे नुकसान होईल इतक्या प्रमाणावर केलेले वाटपही आहे, आणि तेथे पैसे घेतले की नाही हे विचारलेले नाही. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. ते नफ्यासाठी केलेले नसेल तर खास कारणे नोंदवून न्यायालय शिक्षा कमी करू शकते. म्हणजे विनामूल्य असण्याने शिक्षा सौम्य होऊ शकते. कृत्य कायदेशीर होत नाही. कलम ५२ मध्ये रीतसर मिळवलेल्या प्रोग्रॅमची वैयक्तिक, अव्यापारी वापरासाठी प्रत करण्याची सवलत आहे, पण ती स्वतःपुरती. शेजारच्या शाळेला देण्यापर्यंत ती पोहोचत नाही. शिक्षक व विद्यार्थी यांच्यासाठी अध्यापनाच्या ओघात नक्कल करण्याची जी सवलत आहे, तीही माझ्या मते वर्गातील अध्यापनासाठी आहे. पाठ्यपुस्तकातील चित्रे स्कॅन करून सार्वजनिक संचात घालण्यासाठी तिचा आधार घेऊ नये.

मोफत दिलेल्या सॉफ्टवेअरच्या अटी न्यायालयात टिकतात का, असेही विचारले जाते. टिकतात. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने जीपीएल न पाळणाऱ्या कंपनीला वाटप थांबवण्याचा मनाईहुकूम दिला. २००८ मध्ये अमेरिकेतील फेडरल सर्किट न्यायालयाने जेकबसेन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात, खेळण्यातील रेल्वेगाड्या चालवणाऱ्या एका मोफत सॉफ्टवेअरबाबत असे ठरवले की लेखकाने पैसे घेतले नसले तरी श्रेयनिर्देशासारख्या त्याच्या अटी या खऱ्या अटी आहेत आणि त्या मोडणे म्हणजे कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. हे निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, पण त्यांतील तर्क समजून घेण्यासारखा आहे.

साहित्याच्या बाबतीत सर्वसाधारण नियम असा की लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुले आहे. बहिणाबाईंचे निधन ३ डिसेंबर १९५१ रोजी झाले आणि त्यांच्या कवितांचा संग्रह त्यानंतर, १९५२ मध्ये प्रथम प्रकाशित झाला. मरणोत्तर प्रकाशित कृतीची मुदत कलम २४ नुसार प्रकाशनाच्या वर्षावरून मोजतात, म्हणून त्या कविता २०१२ अखेरपर्यंत संरक्षित होत्या आणि आता मोकळ्या आहेत. नंतरच्या काळात प्रथमच छापली गेलेली एखादी कविता असेल तर तिची मुदत तिच्या स्वतःच्या प्रकाशनापासून धरावी लागेल. तेव्हा कविता जुन्या आवृत्तीवरून टंकित कराव्यात. त्या संग्रहाला आचार्य अत्रे यांची प्रस्तावना आहे. त्यांचे निधन १९६९ मधले, म्हणजे ती प्रस्तावना २०२९ अखेरपर्यंत संरक्षित आहे. ती घेऊ नये. नव्या आवृत्त्यांतील चित्रे, टिपा आणि मुखपृष्ठे यांचे हक्क वेगळे असतात.

गायलेल्या ध्वनिमुद्रणांची गोष्ट याहून निराळी आहे. कविता मोकळी झाली तरी तिची चाल ही संगीतकाराची कृती असते आणि ध्वनिमुद्रणावर निर्मात्याचा स्वतंत्र हक्क प्रकाशनापासून ६० वर्षे असतो. बाजारातील वा चित्रपटातील मुद्रणे सरळ वगळावीत. मुलांनी स्वतःच्या चालीत म्हटलेल्या कविता मुद्रित केल्या तर त्या संचाला अधिक शोभतील, असे मला मनापासून वाटते.

आज्यांच्या ओव्यांकडे विशेष लक्ष द्यावे. परंपरेने चालत आलेल्या ओवीचा लेखक सांगता येत नाही, म्हणून तिचे काहीच मोल नाही असा समज अनेकांचा असतो. परंतु ती म्हणणारी स्त्री कायद्याच्या दृष्टीने प्रयोगकर्ती आहे आणि तिचा हक्क ५० वर्षे टिकतो. तिची संमती लेखी घ्यावी, आणि तिची इच्छा असेल तर तिचे नाव व गाव संचात यावे. मुलांच्या चित्रांचे हक्क मुलांचे असतात, त्यामुळे तेथे पालकांची संमती लागेल.

शेवटी आपल्या सहकाऱ्याविषयी एक बाब. कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नियोक्ता असतो. प्रोग्रॅम त्यांनी स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या संगणकावर लिहिला असेल तर तो त्यांचाच. पण प्रशिक्षणाचे किंवा कार्यालयाने सोपवलेले काम म्हणून लिहिला असेल तर आधी कार्यालयाकडून लेखी ना-हरकत घ्यावी.


जुळारी_जळगाव

फॉन्टपुरते लिहितो, कारण माझे आयुष्य त्यात गेले आहे. छापखान्याच्या संगणकावरून आलेले फॉन्ट वाटू नयेत. ते कोणत्या तरी कंपनीने त्या छापखान्याला विकत दिलेल्या परवान्यावर असतात, आणि बहुतेक युनिकोड (सर्व लिपींसाठीची समान संगणकीय अक्षर-पद्धत) येण्यापूर्वीच्या काळातले असतात. ते संचात असावेत असे वाटण्याचे खरे कारण म्हणजे जुन्या फाइल त्यांच्याशिवाय उघडल्या की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरे व खुणांचा गोंधळ दिसतो. त्यावर उपाय फॉन्ट वाटणे हा नसून मजकूर एकदाचा युनिकोडमध्ये उतरवून घेणे हा आहे. विंडोजसोबत येणारा मंगल फॉन्टही उचलून पेनड्राइव्हवर ठेवता येत नाही. तो त्या प्रणालीच्या परवान्याचा भाग आहे.

मोकळे फॉन्ट आता पुष्कळ आणि देखणे आहेत. लोहित देवनागरी, नोटो सॅन्स देवनागरी, मुक्त, बालू हे सगळे एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. तिरो देवनागरी मराठी हाही त्याच परवान्याखाली असून त्यात मराठी वळणाचा ल आणि श आहे. पहिली-दुसरीच्या मुलांसमोर हीच अक्षरे असावीत, याबद्दल मी आग्रही आहे, कारण फळ्यावर बाई जो ल काढतात तोच पडद्यावर दिसला पाहिजे. या परवान्यानुसार फॉन्ट सॉफ्टवेअरसोबत वाटता येतात, फक्त फॉन्ट सुटा विकता येत नाही, आणि परवान्याचा मजकूर व हक्कसूचना सोबत ठेवावी लागते. फॉन्टमध्ये फेरफार केला आणि मूळ लेखकाने नाव राखीव ठेवले असेल, तर नाव बदलावे लागते. नको असलेली अक्षरे काढून फाइल लहान करणे हाही फेरफारच समजावा.


बोरीकाठ (अमळनेर)

गिरणाकाठ दादा, पांझराकाठ ताई आणि जुळारी काका, आपण तिघांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल आमच्या गटाच्या वतीने आभार. इंटरनेटवरून घेतलेली चित्रे, चित्रपटातील गाणी आणि छापखान्याचे फॉन्ट आम्ही काढले आहेत. प्रोग्रॅम सहकाऱ्याने सुट्टीत घरच्या संगणकावर लिहिला आहे, त्यामुळे तो प्रश्न मिटला. तरीही काही शंका उरल्या आहेत.

सहकाऱ्याला अट काढायला अवघड जात आहे. हे शब्द साक्री आणि पारोळ्याच्या खेड्यांतून वृद्धांकडून गोळा केलेले आहेत, आणि उद्या कोणी ते ॲपमध्ये घालून पैसे कमवील, ही त्याची भीती मला अगदीच निराधार वाटत नाही. दुसरे असे की आमच्याकडून संच घेणारी शाळा पुढे प्रत देईल तेव्हा तीन वर्षांचे वचन तिच्यावरही येईल का? आणि सहकारी संस्थेचे नाव छापण्यात काही अडचण आहे का?


गिरणाकाठ

ताई, सहकाऱ्याची भीती समजण्यासारखी आहे, पण ती ज्या उपायाने दूर होईल असे त्यांना वाटते तो उपाय त्यांच्याच हेतूच्या आड येईल. ‘अव्यापारी’ या अटीची सीमा कोणालाच नीट सांगता येत नाही. ती घातली की भुसावळचा संगणक-दुरुस्तीवाला शाळेच्या संगणकावर संच बसवून मजुरी घेताना बिचकेल, गावातील छापखाना शब्दसंग्रह छापताना बिचकेल, आणि डेबियनसारखे प्रकल्प तो मुख्य भांडारात घेणारच नाहीत, कारण कोणत्याही क्षेत्रातील वापराला बंदी नसावी हा त्यांचा १९९७ पासूनचा नियम आहे. जीपीएलचे संरक्षण वेगळ्या प्रकारचे आहे. एखाद्याने तो प्रोग्रॅम ॲपमध्ये घालून विकला तरी त्याला आपल्या ॲपचा सोर्स कोड त्याच अटींवर ग्राहकांना द्यावा लागेल आणि सहकाऱ्याचे नाव पुसता येणार नाही. सुधारणा करून ती कुलूपबंद करण्याचा मार्ग बंद होतो, आणि कोणी पैसे मिळवण्यापेक्षा खरे नुकसान त्यातच असते, असे मी मानतो.

शब्दसंग्रहाची सामग्री प्रोग्रॅमपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी आणि तिला क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेयनिर्देश व समान-वाटप परवाना, चौथी आवृत्ती, द्यावा. शब्द कोणत्या गावात मिळाला हा रकाना त्या फाइलमध्ये आहे का? नसेल तर तो जरूर घालावा; श्रेय देण्याचा तो सर्वांत उपयुक्त प्रकार ठरेल आणि अभ्यासकांनाही त्याचा आधार होईल.

सोर्स कोडच्या वचनाबाबत माझा सल्ला सरळ आहे: वचनाच्या भानगडीत पडूच नका आणि सोर्स कोड त्याच पेनड्राइव्हवर ‘सोर्स’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. वचन दिले की ते जो मागेल त्याला पाळावे लागते. तीन वर्षांत गटातील शिक्षकांच्या बदल्या झालेल्या असतील आणि नेमकी ती आवृत्ती कोणाच्या संगणकावर होती हे शोधणे अवघड जाईल. सोर्स सोबत असला की पहिल्या वाटपाबरोबरच आपली जबाबदारी पूर्ण होते, आणि पुढची शाळा संपूर्ण पेनड्राइव्हची प्रत करते तेव्हा तिचीही आपोआप पूर्ण होते. मात्र पुढे प्रत देताना जागा वाचवण्यासाठी हे फोल्डर गाळू नये, अशी ठळक सूचना लिहावी. ज्या आवृत्तीचा इन्स्टॉलर आहे त्याच आवृत्तीचा सोर्स असला पाहिजे. इन्स्टॉलर उतरवाल त्याच दिवशी सोर्सही उतरवून ठेवावा. टक्स पेंट आणि शब्दसंग्रह यांचा सोर्स लहान आहे, स्टेलॅरियमचा त्याहून मोठा आहे, पण आजच्या पेनड्राइव्हवर त्याची अडचण होऊ नये. लिब्रेऑफिसचा सोर्स बराच मोठा असतो; तो सोबत ठेवण्याची सक्ती एमपीएल करीत नाही, कोठे मिळतो ते सांगितले की पुरते.

सहकारी संस्थेचे नाव घालण्यास जीपीएल, एमपीएल किंवा फॉन्टचा परवाना यांपैकी कोणाचीही आडकाठी नाही. पेनड्राइव्हचा खर्च वसूल करण्यासही नाही. ‘या पेनड्राइव्हचा खर्च अमुक संस्थेने केला’ असे लिहावे. संस्थेचे चिन्ह प्रोग्रॅमच्या आत किंवा फायरफॉक्सच्या चिन्हाशेजारी असे घालू नये, म्हणजे त्या प्रकल्पांचा संस्थेला पाठिंबा आहे असा समज होणार नाही. जिओजेब्राबद्दल मनात शंका असेल तर त्यांनाच लेखी विचारावे आणि उत्तर ‘परवाने’ फोल्डरमध्ये जपून ठेवावे.


पांझराकाठ (धुळे)

गिरणाकाठ यांच्या उत्तराला एक पुरवणी जोडते, कारण संमतीपत्रे लिहिताना ती कामी येईल. कलम १९ प्रमाणे हक्क देणाऱ्या लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. परवान्यालाही हीच तरतूद लागू होते. ‘आमची हरकत नाही’ एवढ्या एका ओळीवर सही घेतली तर पाच वर्षांनंतर संचातील ते चित्र किंवा तो आवाज ठेवण्याचा आधार डळमळीत होईल. म्हणून पत्रात पुढील मजकूर असावा: ‘मी काढलेले हे चित्र / मी म्हटलेल्या या ओवीचे मुद्रण सदर शैक्षणिक संचात समाविष्ट करण्यास, त्याच्या प्रती काढून विनामूल्य अगर मोबदला घेऊन वाटण्यास, इंटरनेटवर ठेवण्यास आणि त्यात फेरफार करण्यास मी जगभरासाठी, कायद्याने हक्क टिकेल त्या संपूर्ण मुदतीकरिता परवानगी देत आहे. माझे नाव व गाव नमूद करावे / करू नये.’ क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना वापरल्यास मुदत आणि प्रदेश त्यात लिहिलेलेच असतात. पत्रात त्या परवान्याचे पूर्ण नाव व आवृत्ती तेवढी लिहावी. टक्स पेंटचे शिक्के टक्स पेंटसोबतच जाणार असल्याने मुलांच्या चित्रांसाठीच्या पत्रात ‘टक्स पेंटच्या परवान्याखाली’ असेही घालावे.

‘मोबदला घेऊन’ हे शब्द पाहून काही आज्या किंवा पालक साशंक होतील. ते शब्द का आहेत हे त्यांना आधी समजावून सांगावे, आणि तरीही कोणी नाही म्हटले तर ती ओवी संचात घेऊ नये. पत्र मराठीत असले तरी ते आजींना अहिराणीत, आणि धडगावकडे त्यांच्या पावरीत, पूर्ण वाचून दाखवावे. सही करता येत नसेल तर अंगठ्याच्या ठशाशेजारी, पत्र वाचून दाखवणाऱ्याचे नाव आणि घरातील एका जाणत्या माणसाची साक्ष घ्यावी. मूळ पत्रे शाळेत ठेवावीत. त्यांवर पत्ते व सह्या असल्याने त्यांच्या स्कॅन-प्रती पेनड्राइव्हवर घालू नयेत. संचातील तक्त्यात ‘संमतीपत्र शाळेत उपलब्ध’ एवढी नोंद पुरेशी आहे. मसुदा तयार झाला की येथे टाकावा, मी पाहून देईन.